नानांच्या घरात काल कोण गात होतं?

काल दुपारी भिंतीपलीकडे, नानांच्या घरात, एक बाई गात होती आणि ती कोण हे आमच्या गल्लीत अजून कुणालाच सांगता आलेलं नाही. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "मला काय विचारता वहिनी? ह्यांना दर रविवारी नवी सापडते." आता हे काय भिंतीवरून एवढ्या मोठ्यानं बोलायचं वाक्य आहे? रस्त्यानं दूधवाला चालला होता, तो गाडी बंद करून उभाच राहिला.

बाई तबकडीतली आहे, हे त्याला समजावून सांगावं लागलं. तुम्ही गल्लीत नवीन, म्हणून तुम्हालाही सांगून ठेवते. नाहीतर उद्या तुमचाही गैरसमज व्हायचा.

नाना म्हणजे एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले मेकॅनिक. जन्मभर हात ग्रीसमध्ये, त्यामुळे घरी बसल्यावर हातांना काही सुचेना. मग कुणाच्या तरी माळ्यावर पडलेला चावीचा ग्रामोफोन आणला. एचएमव्हीचा 102, काळ्या रेक्झिनच्या पेटीतला, कर्णा पेटीच्या पोटातच दडवलेला. स्प्रिंगेचं जुनं ग्रीस वाळून गोळा झालं होतं, त्यामुळे गाणं चाललं की मध्येच आतून धप्पकन आवाज यायचा. नानांनी स्प्रिंग रॉकेलमध्ये धुतली, ग्राफाइटचं ग्रीस भरलं, साउंडबॉक्समधलं दगड झालेलं रबर बदललं, आणि त्या दिवशी आमच्या गल्लीत पहिल्यांदा मास्टर दीनानाथ ऐकू आले. त्यानंतर काकूंच्या घरातलं एकेक कपाट गेलं. आधी कपड्यांचं, मग भांड्यांचं. लोणच्याच्या बरण्या आता जिन्याखाली असतात.

लोक रविवारी देवळात जातात, नाना पुण्याच्या जुन्या बाजाराला जातात. तिथं कसं वागायचं ह्याचं त्यांचं शास्त्र आहे. हवी असलेली प्लेट (ते रेकॉर्डला प्लेटच म्हणतात) दिसली तरी तिच्याकडं बघायचं नाही. आधी गंजक्या पान्याचा भाव विचारायचा. तो महाग आहे म्हणून तोंड वाकडं करायचं. दोन पावलं पुढं जायचं, आणि मग आठवल्यासारखं करून, "आणि ह्या फुटक्या प्लेटा कशा लावल्या?" म्हणायचं. पण विकणारा काय कच्च्या गुरूचा चेला असतो? तो म्हणे यांना लांबून बघितलं की पान्याचाच भाव वाढवतो. नानांकडं आता चांगले दहा-बारा पाने आहेत.

पण गंमत खरी सुरू झाली 2019 च्या पुरानंतर. त्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी गल्लीत आलं तेव्हा आम्ही गाद्या, धान्य, कागदपत्रं वर नेली. नानांनी यंत्रं वर नेली. प्लेटांची खालची फळी तेवढी राहिली. पाणी ओसरल्यावर याच भिंतीवर माझ्या गोधड्या वाळत होत्या आणि पुढं ओळीनं नानांच्या प्लेटा. त्या असतात लाखेच्या. पाण्याचं त्यांना एवढं भय नाही, चिखल धुतला की परत गातात. पण कागदाचं काय होणार! पाकिटांचा लगदा झाला. लेबलं सुटून गेली. कर्ण्यासमोर बसलेला तो कुत्रा, गाणाऱ्याचं नाव, रागाचं नाव, सगळं कृष्णार्पण. हातात उरल्या नुसत्या काळ्या चकत्या.

काकू म्हणाल्या, "बरं झालं. आता तरी टाका."

नाना म्हणाले, "आधारकार्ड हरवलं म्हणून माणूस टाकून देतात काय?"

तेव्हापासून हा खेळ आहे. नाना प्लेट लावतात, आमच्या बाजूची खिडकी उघडतात, आणि ज्याला आवाज ओळखू येईल त्यानं भिंतीवरून ओरडायचं. मी फोडणी देता देता ओरडते. समोरच्या रिटायर संगीतशिक्षिका गॅलरीतून ओरडतात. भजनी मंडळाचे पेटीवाले तर चप्पल न घालता पळत येतात. बालगंधर्व ओळखायला आमच्याकडं काही अक्कल लागत नाही, त्यांचं नागठाणं आमच्याच जिल्ह्यातलं. दीनानाथरावांची तान उठली की शेंबडं पोरही नाव सांगतं. अडतं ते हिराबाई की सरस्वतीबाई इथं. दोघी सख्ख्या बहिणी, दोघी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मुली, दोघींचा जन्म इथं शेजारी मिरजेचा, आणि पुढं दोघी एकत्रही गायल्या. मग भांडणं होणार नाहीत तर काय? शिक्षिकाबाई आणि पेटीवाले एकदा एका भैरवीवरून आठवडाभर बोलत नव्हते. सांगली-मिरजेत माणसं शेताच्या बांधावरून भांडतात तशी गळ्यावरूनही भांडतात.

भांडण फार वाढलं की नाना भिंग काढतात. लेबल गेलं तरी एक खूण राहते. गाणं संपून पिन नुसती गोल फिरत राहते ना, त्या गुळगुळीत पट्ट्यात एक आकडा साच्यातूनच उमटलेला असतो. तो पुरानं जात नाही. त्या आकड्यावरून गाणं कुणाचं आणि केव्हाचं ते शोधता येतं, फक्त कुणीतरी बसून याद्या केलेल्या असाव्या लागतात. आणि अशी माणसं आहेत, बरं का! मायकल किनिअर म्हणून एक ऑस्ट्रेलियन गृहस्थ. त्यांनी ग्रामोफोन कंपनीच्या 1899 ते 1908 मधल्या हिंदुस्थानी ध्वनिमुद्रणांची आकडेवार यादी पुस्तकात छापली. आपल्या मुंबईत 1990 साली जुन्या रेकॉर्डवाल्यांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' निघाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले सुरेश चांदवणकर त्यात पुढे. त्यांचं 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचं नियतकालिकही होतं. नानांकडं त्याचे काही अंक आहेत. ते मात्र पुराच्या आधीच वरच्या मजल्यावर गेले होते, कारण काकूंनी ते रद्दी समजून वर नेऊन ठेवले होते. ह्या एका गोष्टीबद्दल नाना त्यांना काही बोलत नाहीत.

आणि सगळ्यात हुशार म्हणजे प्लेटांवर गायलेल्या पहिल्या बायका! 1902 च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात यंत्र मांडून बसला. वीज नाही, माइक नाही. कर्ण्यात तोंड घालून गायचं, आणि त्या हवेच्या धक्क्यानं मेणावर रेघ उमटायची. साचे जायचे जर्मनीत, हानोव्हरला. तिथल्या कारागिरांना काय कळणार कोण गातंय? म्हणून गाणं संपलं की गाणाऱ्यानं स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं. गौहरजाननं ते इंग्रजीत ठणकावून सांगितलंय, तेही अशा थाटात की जणू साहेबालाच दम देतेय. नानांकडं तिची एक तडकलेली प्लेट आहे. गाणं दर फेऱ्याला टक-टक करतं, पण शेवटचं नाव स्वच्छ. पुराच्या पाण्यातून आलेल्या ढिगात ती एकटीच अशी निघाली जिला कुणी ओळखावं लागलं नाही. काकू म्हणाल्या, "शहाणी बाई. नवऱ्याच्या भरवशावर राहिली नाही."

ती लाखसुद्धा आपल्याकडचीच. पळसाच्या, कुसुमाच्या फांद्यांवर किडे करतात ती. आपली लाख बोटीनं जर्मनीला जायची आणि आपलीच गाणी होऊन बोटीनं परत यायची. पुढं 1908 च्या सुमारास कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तेव्हा कुठं ही वारी थांबली.

नानांना हळहळ वेगळीच. भाऊराव कोल्हटकर 1901 च्या फेब्रुवारीत गेले. यंत्र इथं मांडलं गेलं 1902 च्या नोव्हेंबरात. पावणेदोन वर्षांनी चुकामूक. किर्लोस्कर नाटक मंडळीतल्या ज्या गळ्यासाठी लोक बैलगाड्या जोडून यायचे, तो कसा होता ते आता कुणीच सांगू शकत नाही. भास्करबुवा बखले तर 1922 पर्यंत होते, यंत्र येऊन वीस वर्षं झाली होती, तरी त्यांची एकही प्लेट नाही. "मग बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव ऐकायचे आणि त्यातून बुवा शोधायचे," असं नाना म्हणतात. दोघे बुवांचेच शिष्य. शोधताना नाना डोळे मिटतात. काकू म्हणतात, झोपतात.

बरं, आता शेवटच्या बंगल्यातल्या लोकांचं. जरा जवळ या, हळू बोलते.

त्यांनी गेल्या दिवाळीत एक ग्रामोफोन घेतला. दिवाणखान्यात ठेवलाय, तुम्हाला हळदीकुंकवाला दिसेलच. पितळेचा चकचकीत कर्णा, फुलासारख्या पाकळ्यांचा. खाली आठ बाजूंची शिसवी दिसणारी पेटी, आणि पेटीवर कुत्र्याचं पितळी चित्र, चार स्क्रू मारून. किंमत काय दिली ते मी सांगत नाही, पण तेवढ्यात आमच्या बोअरची मोटर आणि वर पाण्याची टाकी झाली असती. नानांना बघायला बोलावलं. नाना गेले, खाली वाकले, कर्ण्यावर टिचकी मारली, पेटी जरा उचलून बघितली, चहा घेतला. "चहा फक्कड झालाय" म्हणाले आणि आले. भिंतीपाशी येईपर्यंत त्या यंत्राबद्दल एक शब्द नाही.

भिंतीपाशी आल्यावर मात्र सगळं बाहेर आलं. कर्णा नवा, पातळ पत्र्याचा, टिचकीला डबड्यासारखा वाजतो. पेटीत मोटर कुठल्यातरी जुन्या पोर्टेबलची काढून बसवलेली. साउंडबॉक्स तिसऱ्याच यंत्राचा. आणि असली आठ बाजूंची पेटी कंपनीनं कधी काढलीच नव्हती. आपल्या देशात असली यंत्रं बनवून जगभर विकली जातात, आणि परदेशातल्या संग्राहकांनी त्यांना एक घाणेरडं नावही ठेवलंय, ते मी इथं उच्चारणार नाही. नाना म्हणतात, "वहिनी, भोंगा चकाकत असला की पहिला संशय घ्या. खऱ्या जुन्या यंत्राचा कर्णा रंगवलेला असतो, लाकडाचा असतो, पितळेचा असला तर जड आणि मळका असतो. आणि कुत्रा जेवढा मोठा, तेवढी खोट मोठी."

पण बंगलेवाल्या बाईही काही कमी नाहीत. नानांनी चहा घेता घेता त्यांना त्या कुत्र्याची गोष्ट सांगितली होती. ते चित्र फ्रान्सिस बरॉड नावाच्या चित्रकारानं काढलं तेव्हा कुत्र्यासमोर ग्रामोफोन नव्हताच. होता एडिसनचा फोनोग्राफ. तो 1877 सालचा शोध. त्याला चकती नसते, मेणाचं गोल नळकांडं असतं, आणि गंमत म्हणजे त्यात ऐकता येतं तसं घरच्या घरी बोलून भरताही येतं. कलकत्त्याला हेमेंद्रमोहन बोस यांनी तशी नळकांडी काढून खुद्द रवींद्रनाथांचा आवाज भरला होता. तर बरॉड चित्रासाठी पितळी कर्णा उसना मागायला ग्रामोफोन कंपनीकडं गेला. कंपनी म्हणाली, चित्रच विकत घेतो, पण ते यंत्र खोड आणि आमचं काढ. 1899 मध्ये त्यानं फोनोग्राफवर रंग चढवला, वर ग्रामोफोन काढला आणि हक्कांसकट शंभर पौंड घेऊन घरी गेला. हे ऐकून बंगलेवाल्या बाई म्हणाल्या म्हणे, "मग चित्रातलंच यंत्र बदललेलं आहे, तर आमचं बदललेलं असलं म्हणून काय बिघडलं?" नाना यावर निरुत्तर. मला विचाराल तर बाईंचा मुद्दा चोख आहे, फक्त किंमत जरा जास्त पडली.

त्यांच्या नातवानं मात्र खरा घात केला. त्या यंत्रावर एलपी लावली! अहो, साउंडबॉक्सचा भार पिनेवर शे-सव्वाशे ग्रॅमचा. एलपीची नाजूक रेघ दोन-तीन ग्रॅमसाठी केलेली. एका फेऱ्यात त्या एलपीचा निकाल लागला. शिवाय पिन तीच, दिवाळीपासूनची. पिन एका बाजूला एक, हा नियम आहे, आणि तो कंजूषपणा करून मोडायचा नसतो. जुन्या प्लेटेत लाखेबरोबर दगडाची पूड मुद्दाम घातलेली असते. ती लोखंडी पिनेला घासून रेघेच्या मापाची करते. तीन-सव्वातीन मिनिटांत गाणं संपतं तोवर पिनेला कडा आलेल्या असतात. तीच परत लावली की ती गाणं खरवडून काढते. ज्या प्लेटा करड्या पडलेल्या दिसतात ना, त्या अशाच कुणीतरी पिना वाचवून मारलेल्या. काकू एरवी प्रत्येक रुपयाला हिशेब मागतात, पण पिनांच्या डबीला नाही म्हणत नाहीत.

माझं म्हणाल तर मी नानांसारखी वेडी नाही. मला यंत्रातलं काही कळत नाही, आणि 78 च्या वेगाच्या म्हणून सांगितलेल्या जुन्या प्लेटा खरं तर कुणी 74 ला, कुणी 80 ला भरलेल्या असतात म्हणून पेटी काढून सूर जुळवत बसण्याइतका वेळही नाही. मला आवडतात त्या गोष्टी. केसरबाई केरकरांची घ्या. गोव्यातल्या केरीच्या. ध्वनिमुद्रणाचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. आणि अमेरिकेनं 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात पाठवली, तर त्यात हिंदुस्थानातून गेली ती ह्याच बाईंची भैरवी. 'जात कहाँ हो'. ती रेकॉर्ड त्या लोकांना कुठं मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात सापडली, धूळ खात. म्हणजे जुना बाजार तिथंही आहेच! व्हॉयेजर 1 हे 5 सप्टेंबरला उडालं आणि केसरबाई 16 सप्टेंबरला गेल्या. मी हे काकूंना सांगितलं तर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "ह्यांना सांगू नका. टेबलाखालची खोकी बघायला न्यूयॉर्कला निघतील."

काकूंचा या नादावर राग आहे तो उगीच नाही. त्यांचं म्हणणं, प्लेट घर मोडते. आणि दाखला देतात तो भीमसेन जोशींचा. गदगला लहानपणी त्यांनी दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकली, 'पिया बिन नाही आवत चैन', आणि पोरगं गुरू शोधायला घर सोडून पळालं. "बघा, एका प्लेटेनं," काकू म्हणतात. पण हीच काकू मिरजेच्या दर्ग्यात खाँसाहेबांच्या पुण्यतिथीचं गाणं असलं की नानांच्या आधी तयार होऊन बसलेली असते. आणि मघाशी सांगितलं ना, काल गाणारी बाई कुणालाच ओळखू आली नाही? पेटीवाले म्हणाले सरस्वतीबाई. शिक्षिकाबाई म्हणाल्या, छे, किराणा घराण्याची वाटतच नाही. आकडा कुठल्याच यादीत नाही. नानांना वाटतं ती 'यंग इंडिया'ची असावी. ही मुंबईची देशी कंपनी, 1935 ते 1955 अशी वीस वर्षं चालली, आणि मोठ्या कंपनीनं दारात उभं न केलेल्या कितीतरी नव्या गळ्यांच्या प्लेटा तिनं काढल्या. त्यातली एखादी एकच प्लेट भरून संसाराला लागलेली असेल. रात्री दिवे गेल्यावर ती परत लावली होती, ऐकलीत का? ती नानांनी लावलेली नव्हती. नाना झोपले होते.

पैशाचं म्हणाल तर त्यात काही अर्थ नाही, शंभरातल्या नव्वद प्लेटांना कुणी चहाचे पैसेही देत नाही. ज्यांना खरा भाव येतो त्या भलत्याच असतात. बाकी जगात 78 च्या प्लेटा बंद झाल्या तरी आपल्याकडं निघत होत्या, त्यामुळे बीटल्सच्या गाण्यांच्या अशा प्लेटा साठच्या दशकात इथं, हिंदुस्थानात निघाल्या, आणि त्यांच्यासाठी विलायतेतले लोक वेड्यासारखे पैसे मोजतात. नानांना एकदा एक मिळाली होती. कोण ओरडतंय कळेना म्हणून त्यांनी ती बाजारातच एका पान्यावर देऊन टाकली. हे मात्र काकूंना ठाऊक नाही, तेवढं सांभाळा.

तर आता कामाचं. तुम्ही ज्या घरात राहायला आलात त्याच्या माळ्यावर मागच्या मालकांचं सामान तसंच आहे, हे मला ठाऊक आहे, कारण ते मी वर चढताना बघितलंय. त्यात काळ्या चकत्या असतील तर भंगारवाल्याला किलोवर घालू नका. गरम पाण्यात वाकवून त्यांच्या परड्या करतात, तेही नको. स्पिरिट लावून पुसू नका, लाख विरघळते. साध्या पाण्यात थेंबभर साबण, आणि लेबलाला पाणी लागू द्यायचं नाही. आडव्या थप्पीत ठेवू नका, खालच्या तडकतात. उभ्या ठेवा, उन्हापासून लांब. आणि वरती कुणाचंही नाव दिसो, न दिसो, आधी मला हाक मारा. नानांना नको, मला. एक तरी प्लेट या भिंतीच्या अलीकडं वाजायला पाहिजे.